पितळेच्या भिंतीआड

इन्नंबूरची ती खेप अगदी साधी होती. रिक्षाच्या मागच्या बाकावर शिवरंजनी, तिच्या पायाशी जुन्या पितळी भांड्यांचं पोतं, दोन्ही बाजूंना गुडघाभर वाढलेली भाताची शेतं. सकाळचे नऊ वाजले होते. वाटेत दोनदा फोन किणकिणला. दोन्ही वेळा धाकट्या बहिणीचा, कीर्तीचा, एका ओळीचा निरोप. पहिला होता, "शहाऐंशी. हॉर्न." दुसरा, "एक्याऐंशी. परत हॉर्न. अक्का, लवकर कर गे."

ते आकडे कीर्तीच्या मुलीच्या रक्तातल्या प्राणवायूचे होते. मूल बारा आठवडे आधी जन्माला आलं होतं. वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. कुंभकोणम् बस स्टँडच्या मागे एक लहानसं नर्सिंग होम आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर काचपेटीत ते ठेवलेलं. आणि खालच्या वळणावर प्रत्येक बस आपला तीन सुरांचा हॉर्न वाजवल्याशिवाय वळत नसे. हॉर्न वाजला की मूल दचकायचं, दचकलं की श्वास घ्यायला विसरायचं. इतक्या लवकर आलेल्या मुलांना श्वास अजून पुरता पाठ झालेला नसतो, असं डॉक्टर जयलक्ष्मी म्हणाल्या होत्या. कीर्तीचा नवरा कार्तिक मस्कतला नोकरीला. म्हणजे धावाधाव करायला घरात शिवरंजनीच.

पण ती नुसती धावाधाव करणारी मावशी नव्हती. सात वर्षं नेदरलँड्समध्ये राहून ती लाटांना वळण लावायची विद्या शिकून आली होती. मेटामटेरियल म्हणतात त्याला. यात पदार्थ कशाचा केला याला फारसं महत्त्व नाही. त्याला आतून आकार कसा दिला, यावर सगळं. नेमक्या मापाचे, नेमक्या अंतरावर बारीक आकार मांडले, की प्रकाश एखाद्या वस्तूला वळसा घालून असा पुढे जातो, जणू ती वस्तू तिथे नाहीच. आवाजाचंही तसंच. चार बोटं जाडीची भिंत, तिला आरपार फटी. त्यांतून वारा खुशाल ये-जा करतो, पण जो आवाज नको तो पलीकडे येत नाही. पहिल्यांदा हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा प्रयोगशाळेत ती उभ्या उभ्या रडली होती. तिच्या बरोबरीचे लोक ही विद्या पाणबुड्यांना आणि महागड्या मोटारींना विकत होते. तिला ती काचपेट्यांना द्यायची होती. म्हणून ती परत आली, आणि बहिणीचं मूल व्हायच्या कितीतरी आधीपासून ती त्या नर्सिंग होमसाठी भिंत करत होती.

भिंत पितळेची होती. प्लास्टिकचे नमुने रोज जंतुनाशकाने पुसले की महिन्याभरात माप सोडत. आणि पितळेला इन्नंबूरच्या चंद्रमौली स्थपतींइतका जाणता हात दुसरा नव्हता. मेणाचा आकार करायचा, त्यावर कावेरीचा मऊ गाळ लिंपायचा, भाजून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. देवांच्या मूर्ती करणारा तो म्हातारा गेले पाच महिने लिंबाएवढ्या, अरुंद गळ्याच्या लोट्या करत होता. चारशे बत्तीस हव्या होत्या. चारशे झाल्या होत्या. गळ्याचं माप केसभर चुकलं तर लोटी भलताच सूर अडवते. म्हणून शिवरंजनी प्रत्येक लोटी यंत्रावर तपासायची. स्थपती नुसती ओठांशी धरून फुंकायचे आणि म्हणायचे, "ही नको, ही आळशी आहे." यंत्र दर वेळी त्यांच्याच बाजूने कौल द्यायचं. या गोष्टीचं तिला इतकं अप्रूप होतं, की आपल्या जुन्या प्राध्यापकांना तिने याबद्दल चार पानी पत्र लिहिलं होतं.

शेवटच्या बत्तीस लोट्यांना धातू कमी पडला. नवा यायला चार दिवस लागणार होते. चार दिवस कुणाकडे होते? तिने घरच्या माळ्यावरची जुनी भांडी पोत्यात भरली आणि रिक्षा केली.

"आणलंत?" स्थपतींनी पोतं उलटं केलं आणि भांडी एकेक करून मांडीवर घेतली. ते तमिळच बोलत. घरात तंजावरची जुनी मराठी बोलणारी शिवरंजनीही बाहेर तमिळच बोले. पातेलं पालथं घालून त्यांनी कडेची अक्षरं वाचली. "सीतालक्ष्मी. सीतालक्ष्मी. सीतालक्ष्मी. पोय्ट्टु वांग." म्हणजे, जाऊन या. मग कानस घेऊन ते नाव घासून टाकलं.

"अय्या, ती माझी आई आहे. चांगली धडधाकट आहे. आत्ता घरी सांबार करतेय," शिवरंजनी हसून म्हणाली.

"असू दे की. सांबार खारट होणार नाही." स्थपतीही हसले. मग गंभीर झाले. "या मुशीत नाव असलेलं भांडं नावासकट कधी गेलेलं नाही, अम्मा. माझ्या आजोबांपासून नाही. भांडं मोडलं म्हणून माणूस रागवत नाही. पण आपलं नाव वितळताना त्याला चटका बसतो."

असं एकेक भांडं गेलं. शेवटी राहिलं एक बोंडलं. लहान मुलाला दूध पाजायचं, चोचीचं, तळहातावर मावेल एवढं. स्थपतींनी ते पालथं करून तळावर अंगठा फिरवला. तिथे वळणावळणाची नक्षी होती, एका रेघेला टांगलेली.

"वेलबुट्टी," ते म्हणाले.

शिवरंजनीनेही वाकून पाहिलं. वेलच होती ती. तेवढ्यात फोन वाजला. "अठ्ठ्याहत्तर." ती म्हणाली, "अय्या, उशीर होतोय."

बोंडलं मुशीत गेलं. भट्टीच्या पंख्याची घरघर त्याच क्षणी थांबल्यासारखी वाटली. तिने वळून पाहिलं. पंखा फिरतच होता.

तीन दिवसांनी भिंत उभी राहिली. काचपेटीला तीन बाजूंनी कवेत घेणारी, पुरुषभर उंचीची, चारशे बत्तीस पिवळी तोंडं आतल्या बाजूला वळलेली. वॉर्डच्या जुन्या नर्स त्रिपुरसुंदरी कंबरेवर हात ठेवून पाहत होत्या.

"अम्मा, एवढ्या इडल्या कोण खाणार?"

"थांबा सिस्टर. बस येऊ दे."

बस आली. खिडकीतून ड्रायव्हरचा तळवा हॉर्नवर दाबलेला दिसला. भिंतीबाहेर उभ्या असलेल्या कीर्तीने कान झाकले. भिंतीच्या आत काहीच झालं नाही. हॉर्न आला असेल, पण भिंतीपाशी येऊन मिटला, लाजाळूचं पान मिटावं तसा. मूल दचकलं नाही. आकडा पंच्याण्णववर होता तो पंच्याण्णववरच राहिला. त्रिपुरसुंदरी एक पाऊल आत गेल्या, एक पाऊल बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. मग त्यांनी भिंतीला दोन्ही हातांनी नमस्कार केला.

त्या रात्री आठ दिवसांत पहिल्यांदा कीर्ती झोपली.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी दुपारी, देवळं मिटून दुकानांची शटरं खाली आली आणि गाव उन्हात मुकं झालं, तेव्हा त्रिपुरसुंदरी शिवरंजनीला जिन्यापाशी घेऊन गेल्या.

"भिंतीत तुम्ही स्पीकर बसवलाय का?"

"नाही."

"मग दुपारचं... कोण बोलतं?"

"रस्त्यावरचं कुणी असेल."

"रस्त्यावरचं येत नाही म्हणून तर बसवलीत ना भिंत?" त्या पदराने मान पुसत म्हणाल्या. "तमिळ नाही, अम्मा. तुम्ही घरात बोलता तसलं काहीतरी. पण तुमच्याहून जुनं."

शिवरंजनी भिंतीच्या आत जाऊन स्टुलावर बसली. आत थंड होतं. बाहेरचं जग कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. काचपेटीच्या मंद उजेडात मूल उताणं पडलेलं, छातीचा पिंजरा चिमणीएवढा. सगळीकडे स्पिरिटचा वास. आणि त्याखाली, आधी जाणवला नव्हता असा, वेखंडाचा. उगाळलेल्या, ओल्या वेखंडाचा.

आणि मग...

"घे..."

गळ्यातून निघालेला तो आवाज नव्हता. रिकाम्या भांड्याच्या तोंडावरून वारा जावा, आणि त्या वाऱ्याला शब्द ठाऊक असावेत, तसा होता.

"सोड..."

मुलाची छाती खाली गेली.

"घे गे बाळे... सोड..."

शिवरंजनी हलली नाही. मॉनिटरवरच्या रेषेकडे पाहत राहिली. मध्येच रेषा सपाट होऊ लागली, मूल थांबलं, त्याबरोबर तो आवाज लांबला, ओढ लागल्यासारखा, "घेऽऽऽ..." आणि रेषा पुन्हा उचलली गेली. एकदाही घाई नाही, एकदाही चूक नाही. भीतीने तिचे तळवे ओले झाले होते आणि त्याच वेळी मनात आलं की हे जे कोणी करतंय, त्याच्याइतकं हे काम जाणणारं या इमारतीत कोणी नाही.

शिकलेल्या माणसाला भीतीला नाव द्यायची खोड असते. संध्याकाळी तिने माइक आणला. काचपेटीजवळ ठेवला, काही उमटलं नाही. सळईएवढा बारीक माइक एकेका लोटीच्या गळ्यात धरून पाहिला. चारशे लोट्या गप्प होत्या. खालची शेवटची ओळ, घरच्या भांड्यांतून झालेल्या बत्तीस लोट्यांची... तिथे पडद्यावर एक रेघ फुगत होती आणि ओसरत होती, मुलाच्या श्वासाच्या अर्धा क्षण आधी. दर वेळी आधी.

तिने माइक गुंडाळून ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. मूल वाढत होतं. बाराशे ग्रॅम, पंधराशे, अठराशे. वाढत्या मुलाला कुणी दृष्ट लावत नाही.

सहाव्या आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीसाठी मुलाला पलीकडच्या खोलीत नेलं. भिंतीबाहेर चार पावलं. मुलाने श्वास सोडला आणि पुन्हा घेतलाच नाही. ओठ निळे, मग काळे. त्रिपुरसुंदरींनी टाचा हलवल्या, पाठ चोळली, तोंडावर फुगा दाबला. काही नाही. कीर्ती किंचाळत होती. शिवरंजनीने काही विचार न करता मूल उचललं आणि भिंतीच्या आत धावली. आत पाऊल पडलं मात्र, मुलाने सुस्कारा टाकला आणि गुलाबी झालं.

पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. डॉक्टर जयलक्ष्मींनी सगळ्या तपासण्या केल्या. "फुप्फुसं उत्तम आहेत, मेंदू उत्तम आहे. आतापर्यंत घरी जायला हवं होतं. मला कळत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टर बाईंच्या तोंडून हे वाक्य कुणी पूर्वी ऐकलं नव्हतं.

कीर्ती त्या दिवशी रडली नाही. शिवरंजनीला म्हणाली, "अक्का, तुझी भिंत माझ्या लेकीला जगवती आहे की धरून बसली आहे?"

घरी आल्यावर शिवरंजनीने आईला गाठलं. सीतालक्ष्मी ओट्याशी उभी राहून अळूची पानं पुसत होती.

"आई, आपल्या घरांत सातमाशी मुलें कोणी वाढविली होती?"

सीतालक्ष्मीचा हात थांबला. "तुला कोणी सांगितलें गे?"

"तूं सांग की."

"माझ्या अप्पांची आत्या. नऊ वर्षांची होती, तेव्हांच कुंकू पुसलें तिचें. पोटीं मूल नाहीं. पण ह्या गल्लींतलीं जेवढीं अपुऱ्या दिवसांचीं लेंकरें, तेवढीं तिच्याच मांडीवर जगलीं. कापसांत गुंडाळायची, वेखंड लावायची, बोंडल्यानें थेंब थेंब दूध घालायची. आणि जवळ बसून म्हणत राहायची, घे... सोड... रात्र नाहीं, दिवस नाहीं. माझे अप्पा सातमाशेच. ती नसती तर मी नाहीं, तूं नाहींस, कीर्तीची पोर नाहीं."

शिवरंजनीने ओट्याची कड धरली. "नाव काय तिचें?"

"आत्या म्हणत सगळे."

"नाव, आई."

"कोणी विचारिलेंच नाहीं गे. विधवा बाई, तिला कोण नावानें हांक मारणार?" सीतालक्ष्मी पुन्हा पानं पुसू लागली. "बोंडल्याच्या तळाशीं मोडींत नाव घातलें होतें म्हणे तिच्या बापानें. तिचें नाव लिहिलेली ती एकच वस्तू. मोडी आतां कोणाला वाचतां येती? वेलीसारखी दिसती ती... कां गे, रंजी? तोंड कां असें केलेंस? बोंडलें माळ्यावरच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रमौली स्थपती वॉर्डात आले. पायांतल्या वहाणा जिन्याखाली काढून, अंगावर धुतलेला सदरा घालून. शिवरंजनीने वाटेतच सगळं सांगितलं होतं.

भिंतीच्या आत येऊन ते खाली बसले. वरच्या ओळीतल्या एका लोटीवर त्यांनी फुंकर घातली. लोटी गोड घुमली. दुसरी घुमली. मग शेवटच्या ओळीतल्या एकीला ओठ लावले. फुंकलं. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. सूर नाही. त्यांनी तोंड झटक्यात मागे घेतलं.

"काय झालं, अय्या?"

"पलीकडून..." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "हिला आधीच कुणीतरी फुंकतंय."

"माझी चूक," म्हातारा म्हणाला. "साठ वर्षांत नाव वाचल्याशिवाय मूस भरली नाही. आणि अक्षराला वेल समजलो. नाव वाचून निरोप दिल्याखेरीज ती जाणार नाही, अम्मा. आणि नाव आता तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही." त्याने हात जोडले. "सांगाल तर ही ओळ आत्ता काढतो. नदीत सोडतो."

"आणि मग माझ्या लेकीला श्वास कोण देणार?" कीर्ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "हात लावायचा नाही, अय्या. कुणी हात लावायचा नाही."

"असंच ठेवलं तर तुझी लेक कधीच बाहेर येणार नाही, कीर्ती," शिवरंजनी म्हणाली.

"ठाऊक आहे."

स्थपती निघून गेले तेव्हा साडेबारा झाले होते. गाव मिटत होतं. शिवरंजनी स्टुलावर बसली. कीर्तीने काचपेटीच्या गोल झरोक्यातून हात घालून मुलाच्या छातीवर दोन बोटं टेकवली. वेखंडाचा वास आला.

"घे... सोड..."

शिवरंजनीने ओठ ओले केले. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईशी कसं बोलावं, हे तिला कुठल्याही प्रयोगशाळेने शिकवलं नव्हतं. ती घरातल्यासारखं बोलली.

"आत्ये... तुझें नाव काय गे?"

आवाज थांबला.

इतकी शांतता तिने आयुष्यात ऐकली नव्हती. तिच्या भिंतीने केलेली शांतताही हिच्यापुढे गजबज होती. बत्तीस लोट्या एकाच वेळी श्वास आत ओढून धराव्यात तसं काहीतरी... कुणीतरी आठवू लागलं होतं. खूप मागे, खूप खोल, कधी कुणी न विचारलेलं काहीतरी शोधू लागलं होतं.

आणि मुलाची छाती हलत नव्हती.

"अक्का," कीर्ती म्हणाली. "अक्का... नव्वद. अक्का, ऐंशी."

"आत्ये, राहू दे... नको सांगूस, राहू दे गे!"

उत्तर नाही. एकाहत्तर. बासष्ट. आठवणारं माणूस भोवतालचं विसरतं. ती मुलाला विसरली होती. तेव्हा शिवरंजनीला कळलं, आपण त्या बाईच्या हातातलं काम काढून घेतलंय, आणि ते खाली पडतंय. तिने दुसऱ्या झरोक्यातून हात घातला, मुलाच्या कानाशी तोंड नेलं, काचेवर ओठ टेकवून म्हणाली, "घे."

काही नाही.

"घे गे बाळे. घेऽऽऽ..."

कीर्तीने सूर धरला. दोघी बहिणी एकदम म्हणू लागल्या, त्याच ओढीने, त्याच लयीने. इतके आठवडे ऐकून ती त्यांच्या अंगात भिनलेली होती. छप्पन्न. चोपन्न. "घेऽऽऽ..." आणि बोटांखाली तो चिमणीचा पिंजरा एकदा थरथरला. उघडला.

"सोड," कीर्ती हुंदका देत म्हणाली. "सोड, माझे आई. आता परत घे."

त्या दिवसापासून त्या दोघींनी आळीपाळीने बसायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी भिंतीतला आवाज त्यांच्या बरोबरीने चाले. दुसऱ्या दिवशी किंचित मागे. तिसऱ्या दिवशी एखाद्या जुन्या माणसाने नवख्यांचं काम बघत बसावं तसा मधूनच, फक्त चुकलं तर. शिवरंजनी चुकली की हटकून ऐकू येई, "सावकाश..." या बाईकडून शिकताना तिला वाटे, की सात वर्षांच्या आपल्या विद्येला ही एक शेवटची तासिका राहिली होती. नवव्या दिवशी वास आला नाही, आवाजही आला नाही. दहाव्या दिवशी त्यांनी मूल भिंतीबाहेर चार पावलं नेलं. मग जिन्यापर्यंत. मग ओठ शिवूनच दोघी बघत उभ्या राहिल्या, आणि मूल आपलं आपण श्वास घेत राहिलं.

दोन किलो शंभर ग्रॅम वजनाची कीर्तीची लेक घरी आली. निघताना शिवरंजनीने शेवटच्या ओळीपुढे गुडघे टेकून नमस्कार केला. भिंत तिथेच राहिली, पुढच्या मुलांसाठी. स्थपतींनी विचारलं तेव्हा तिने ओळ काढू दिली नाही. "इतकं चांगलं काम करणाऱ्या बाईला नदीत सोडायचं?" ती म्हणाली.

घरी येऊन अकरा दिवस झाले. मूल झोपे, दूध पिई, जांभया देई. रडत मात्र नसे. "शहाणं आहे," सीतालक्ष्मी म्हणे. बाराव्या दिवशी, भर दुपारी, कीर्तीने आतल्या खोलीतून हाक मारली.

"अक्का, इकडे ये. बघ की हें काय करती आहे..."

मूल तिच्या मांडीवर होतं. तोंड उघडलेलं, चेहरा लालबुंद, जीभ थरथरत होती, मुठी आवळलेल्या. जीव तोडून रडत होतं. आणि खोलीत आवाज नव्हता. शिवरंजनीने टाळी वाजवली; टाळी ऐकू आली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, बाहेर सायकलची घंटा ऐकू आली. तिने कान मुलाच्या तोंडाशी नेला. गरम श्वास गालावर आला. फक्त श्वास.

तेवढ्यात फोन वाजला. त्रिपुरसुंदरी होत्या. कुजबुजत होत्या.

"अम्मा... तुम्ही मूल इथे आणलंय का?"

"नाही. का?"

"काचपेटी रिकामी आहे. कालपासून वॉर्डात एकही पाप्पा नाही, एकही बाळ नाही. आणि भिंतीआड... ऐका."

त्यांनी फोन पुढे धरला असावा. त्यातून रडणं आलं. ताज्या, दणदणीत, सुदृढ फुप्फुसांचं रडणं. शिवरंजनीने मांडीवरच्या मुलाकडे पाहिलं. फोनमधला सूर जिथे तुटे, तिथेच त्याची हनुवटी थरथरे. जिथे सूर चढे, तिथेच मुठी आवळत.

तिची भिंत आवाज अडवत होती, गिळत होती. इथला आवाज उचलून दोन किलोमीटरवर नेणं तिला येत नव्हतं. शिवरंजनीने ते तिला शिकवलं नव्हतं. शिकवता येईल असं कुणी कधी लिहिलेलंही नव्हतं.

"थांबा..." त्रिपुरसुंदरी म्हणाल्या. "गप्प झालं. अम्मा, कुणीतरी उचलून घेतलं वाटतं..."

मांडीवर मुलाने तोंड मिटलं. डोळे मिटले. चेहऱ्यावरची लाली उतरली.

"अक्का," कीर्ती अगदी हळू म्हणाली, "मी हात काढला आहे."

तिचा हात खरोखरच बाजूला होता. आणि अजून मान न धरणारं ते मूल, डोकं तिच्या मांडीपासून चार बोटं वर, कशावर तरी गाल टेकून शांत झोपलं होतं.